एक जागा धरा: 'डॉन जोव्हानी'ची ध्वनिमुद्रणं ऐकताना आणि त्यांची परीक्षणं वाचताना

दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करायची म्हणून अख्खा ऑपेरा पाठोपाठ दोनदा ऐकायला बसू नका. मोझार्टचा 'डॉन जोव्हानी' पावणेतीन-तीन तासांचा आहे. दुसरं ध्वनिमुद्रण संपेपर्यंत पहिल्यातलं काही डोक्यात राहत नाही, आणि शिणलेल्या कानाला मागून आलेलं गाणं उगाच फिकं वाटतं. त्यापेक्षा एक जागा धरा, चार-पाच मिनिटांची. ती चौघांकडून ऐका. मगच समीक्षकानं त्या जागेबद्दल काय लिहिलंय ते काढून वाचा. पद्धत एवढीच, पण ती करताना बरंच काही सांभाळावं लागतं.

मी परभणीचा, धंदा साऊंड सर्व्हिसचा. सप्ताह, लग्नं, उरुसातली कव्वाली, निवडणुकीच्या सभा. कीर्तनकाराचा माईक, पखवाजाचा माईक आणि मागं उभ्या टाळकऱ्यांचा माईक यांचा मेळ बसवण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळं कुठलंही ध्वनिमुद्रण लावलं की माझा कान आधी माईक कुठं ठेवलाय ते शोधतो. आषाढात लग्नं थांबली की दुकानात बसून हे ऐकणं चालतं. दुकानातला पोरगा एकदा म्हणाला, "मामा, ही बाई एवढी का ओरडायली?" मी म्हटलं, तिच्या बापाला आत्ताच मारलंय. मग तो अंक संपेपर्यंत हलला नाही.

म्हणून गोष्ट आधी माहीत करून घ्या. डॉन जोव्हानी हा बायकांना नादी लावून सोडून देणारा सरदार. रात्री दोन्ना आन्नाच्या घरात शिरतो, तिचा बाप कोमेंदातोरे आडवा येतो, त्याचा खून करतो. टाकून दिलेली दोन्ना एल्विरा त्याच्या मागावर आहे. लग्नाच्या दिवशीच तो झेर्लिना नावाच्या खेड्यातल्या नवरीला फूस लावतो. सोबत लेपोरेल्लो नावाचा नोकर, जो कुरकुरतो पण नोकरी सोडत नाही. शेवटी कोमेंदातोरेचा पुतळा जेवायला येतो आणि याला नरकात घेऊन जातो. शब्द लोरेंझो दा पोंतेचे, भाषा इटालियन, पहिला प्रयोग २९ ऑक्टोबर १७८७ला प्रागमध्ये. संहिता इंग्रजी भाषांतरासकट फुकट मिळते. जी जागा ऐकणार तेवढ्यापुरत्या ओळी वहीत मराठीत उतरवून घ्या. सगळी संहिता पाठ करायची काही गरज नाही.

आधी आवाज सारखा करा

हे धंद्यातलं सांगतो. दोन ॲम्प्लिफायर शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला दाखवायचे असतील आणि त्यातला एक खपवायचा असेल, तर विकणारा त्याचा आवाज केसभर वाढवून ठेवतो. गिऱ्हाइकाला आवाज मोठा झालाय हे कळत नाही, "हा जास्त मोकळा वाटतो" असं ते म्हणतं. ध्वनिमुद्रणांचंही तेच होतं. एखाद-दोन डेसिबलचा फरक असला तरी मोठं ते चांगलं वाटतं. १९३६चं मोनो ध्वनिमुद्रण आणि २०१६चं डिजिटल यांची मूळ पातळी कधीच सारखी नसते. एकाच पात्राची एकच ओळ दोन्हींत लावा, बोलण्याएवढी ऐकू येईल अशी खुंटी फिरवा, खूण करून ठेवा.

मोबाईलवर ऐकणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. ॲपमध्ये आवाज सारखा करण्याची सोय असते, ती एका जागेची तुलना करताना कामाची आहे, पण अंक सलग ऐकताना बंद ठेवा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेली जागा फुगवून पुढं येण्याची शक्यता असते. दुसरं, गाणी उलटसुलट वाजवण्याचं बटण बंद आहे ना ते पाहा आणि दोन तुकड्यांमधली फट काढून टाका. संवाद संपून गाणं सुरू होतं तिथं फट पडली की सगळा नाट्याचा जीव जातो. यूट्यूबवर पुतळा दारात उभा असताना सिमेंटची जाहिरात येते, त्याला इलाज पैसे भरण्याचाच.

कुठल्या जागा धरायच्या

सोपी म्हणून सगळे 'ला ची दारेम ला मानो'पासून सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. जोव्हानी झेर्लिनाला म्हणतो, चल, तिथं आपण हातात हात देऊ. आधी तो अख्खं कडवं म्हणतो, मग ती. मग दोघांच्या ओळी आखूड होत एकमेकींजवळ सरकतात, आणि 'आंदियाम' म्हणताना दोन मात्रांची चाल सहा-आठची होते, आपल्या कानाला दादऱ्याच्या अंगानं जाणारी. आता दोनच गोष्टी ऐका. झेर्लिना 'व्होर्रेई ए नोन व्होर्रेई', म्हणजे हवंय आणि नकोय, असं म्हणते तेव्हा ती खरंच अडखळतेय का, की मनानं केव्हाच गेलीय? आणि जोव्हानी तिच्याशी बोलतोय का, की थिएटरच्या मागच्या रांगेशी?

योझेफ क्रिप्स या वाद्यवृंद-संचालकाच्या १९५५च्या ध्वनिमुद्रणात जोव्हानी चेझारे सिएपी आहे. आवाज बास, खाली भरलेला, मऊ. त्याला घाई नाही, कारण हरण्याची सवय नाही. दुसरा संचालक कार्लो मारिया जुलिनी, त्याच्या १९५९च्या ध्वनिमुद्रणात एबरहार्ड वेख्टर आहे, आवाज बॅरिटोन, सिएपीपेक्षा चढा आणि धारेचा. हा मागं लागलेला माणूस आहे. ग्रात्सिएल्ला शुत्तीची झेर्लिना त्याच्यासमोर हलकी, चटपटीत, आणि मला वाटतं, पुरती सावध आहे. दोन्ही जोव्हानी पटतात, पण दोन वेगळी माणसं म्हणून. "सिएपीचा आवाज जास्त सुंदर" एवढं लिहून समीक्षक थांबला, तर त्यानं गळा ऐकला, प्रसंग ऐकला नाही.

दुसरी जागा लेपोरेल्लोच्या यादीची, 'मादामीना'. मालकाच्या प्रेमप्रकरणांचा हिशोब तो एल्विराला वाचून दाखवतो: इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१, आणि स्पेनमध्ये १००३. पहिला भाग जलद, आकड्यांचा. दुसरा संथ, त्यात कुठल्या बाईची कशी स्तुती करायची याचे प्रकार. इथं बहुतेक गायक हशा वसूल करतात. तुम्ही एल्विराचा विचार करत ऐका. ती समोर उभी आहे, गप्प आहे आणि त्या १००३मधली एक आहे. संथ भागात गायकाचा आवाज गोड होतो की बोचरा, तिथं खरा फरक कळतो. परीक्षणात 'व्यक्तिरेखा जिवंत केली' असं दिसलं की तपासा, गायक सूर लावून हसवतोय की सूर सोडून. सूर सोडून हसवणाऱ्यांना ही शाबासकी फार स्वस्तात मिळते.

तिसरी जागा माझी लाडकी, आणि तिच्यावर मी जरा जास्त लिहिणार. पहिल्या अंकाच्या शेवटी जोव्हानीच्या वाड्यात नाच आहे. मुख्य वाद्यवृंदाखेरीज मोझार्टनं रंगमंचावर वादकांचे तीन ताफे बसवलेत. पहिला ताफा तीन मात्रांचा मिन्युएट वाजवतो, तो खानदानी मंडळींचा, त्यावर आन्ना आणि तिचा होणारा नवरा ओत्ताव्हियो नाचतात. मग दुसरा ताफा वाद्यं जुळवायला लागतो. हे जुळवणंसुद्धा मोझार्टनं स्वरलिपीत लिहून ठेवलंय! जुळवून झालं की त्याचा दोन मात्रांचा नाच सुरू होतो, त्यावर जोव्हानी झेर्लिनाला घेतो. तोवर तिसरा ताफा जुळवून मोकळा होतो आणि तीन-आठचा जलद जर्मन नाच धरतो, त्यावर लेपोरेल्लो झेर्लिनाच्या नवऱ्याला, माझेत्तोला, जबरदस्तीनं फिरवतो. तीन ताल एकाच वेळी चालू, वर लोकांचं बोलणं, आणि त्या गोंधळात झेर्लिनाला आत ओढून नेलं जातं. तिची किंकाळी ऐकू येते आणि तिन्ही नाच मोडतात.

शेजारशेजारच्या दोन मंडपांत दोन सप्ताह चालू असताना मधल्या रस्त्यावर उभं राहिलं की काय होतं, ते आमच्याकडं कुणालाही सांगायला नको. मोझार्टनं ते मुद्दाम केलं आणि सम जुळवूनही दाखवली. आता ध्वनिमुद्रणाची परीक्षा ही: डोळे मिटून तिन्ही ताफे कुठं बसलेत ते बोटानं दाखवता येतं का? मोनोमध्ये सगळे एकाच तोंडातून येतात, तिथं दोष देऊ नका, ताल वेगळे ऐकू येतात का तेवढं पाहा. क्रिप्सचं ध्वनिमुद्रण १९५५चं असूनही स्टिरिओ आहे, त्या काळी ते नवलाचंच होतं. स्टिरिओत मात्र तिन्ही ताफे नुसतेच गलबला वाटत असतील, तर चूक ध्वनिमुद्रकाची किंवा संचालकाची. कुणाची ते असं ओळखा: जुळवणीचे तंतुवाद्यांचे सूर स्वच्छ ऐकू आले, पण नाच सुरू झाल्यावर चिखल झाला, तर संचालकानं तिन्ही ताफ्यांचा तोल सांभाळलेला नाही. जुळवणीच ऐकू आली नाही, तर माईकवाल्याकडं बोट दाखवा. परीक्षणात या जागेचा उल्लेखही नसेल, तर त्या समीक्षकाच्या 'ध्वनीची गुणवत्ता उत्कृष्ट' या वाक्याला मी फार किंमत देत नाही.

चौथी जागा पुतळ्याची. 'डॉन जोव्हानी, आ चेनार तेको...' इथं ट्रोम्बोन वाजतात. आख्ख्या ऑपेरात मोझार्टनं ते फक्त स्मशानातल्या पुतळ्यासाठी आणि या जेवणाच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेत. काही ध्वनिमुद्रणांत कोमेंदातोरेच्या आवाजाला इको लावलेला असतो. मला तो लग्नातल्या मंगलाष्टकांवरच्या इकोइतकाच नकोसा वाटतो. गॉटलोब फ्रिकसारखा बास असेल (जुलिनीकडं तोच आहे) तर इकोची गरज काय?

ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत, याच संगीतानं सुरू होतं, डी मायनरमध्ये. तिथला वेग हा जुना वादाचा विषय. स्वरलिपीवर 'आंदान्ते' आहे, म्हणजे चालीची गती, आणि मोजणी दोनची आहे. फुर्टवेंगलर आणि क्लेम्परर हे जुने संचालक ते जड पावलांनी नेतात. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे आर्नोल्ड एस्टमान, रेने याकोब्स, तेओदोर करंट्झिस झपाट्यानं नेतात. 'जलद म्हणून उथळ' आणि 'संथ म्हणून थोर' ही दोन्ही वाक्यं परीक्षणात सर्रास दिसतील, आणि दोन्ही आळशी आहेत. जुनी वाद्यं बहुतेक वेळा 'ए' हा सूर ४३० हर्ट्झच्या आसपास लावतात, आजची ४४०ला. हार्मोनिअमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडा कमी एवढा हा फरक. लागोपाठ ऐकताना खालचा सूर आधी उतरलेला वाटतो, म्हणून मध्ये चहा घ्या.

कुठली प्रत गातायत

हे न बघता तुलना केली की भांडण फुकटचं होतं. प्रागनंतर मे १७८८मध्ये व्हिएन्नात प्रयोग झाला तेव्हा मोझार्टनं बदल केले. ओत्ताव्हियोचं 'इल मिओ तेसोरो' काढून त्याला 'दाल्ला सुआ पाचे' दिलं, एल्विराला 'मी त्रादी' दिलं, झेर्लिना आणि लेपोरेल्लोचं एक द्वंद्वगीत घातलं. आजची बहुतेक ध्वनिमुद्रणं दोन्ही प्रती मिसळतात, म्हणून ओत्ताव्हियोला दोन्ही गाणी मिळतात. एखाद्या ध्वनिमुद्रणात एकच असेल तर कापाकापी झाली असं समजू नका, त्यांनी एकच प्रत धरली असेल. 'दाल्ला सुआ पाचे गाळून अन्याय केला' असं कुणी लिहिलं असेल, तर त्यानं सोबतची पुस्तिका उघडली होती का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

'इल मिओ तेसोरो'वरून आठवलं. जॉन मॅकॉर्मकची १९१६ची तबकडी त्यातल्या लांब तानेसाठी प्रसिद्ध आहे, एका दमात घेतलेली. तेव्हापासून प्रत्येक ओत्ताव्हियोला समीक्षक याच दमसासाच्या पट्टीनं मोजतात. दमसास मोठाच, पण ती तान त्या गाण्यात थोडी मिनिटं सोडा, काही क्षणांची आहे. तिच्या अलीकडं-पलीकडं गायकानं काय केलं हे लिहिणारा समीक्षक सापडला तर त्याला धरून ठेवा.

समीक्षकाला कसं जोखायचं

तुम्हाला पूर्ण पाठ असलेल्या एका ध्वनिमुद्रणावर त्यानं काय लिहिलंय ते आधी वाचा. तुमच्याशी सहमत आहे का हे बघू नका. त्यानं दाखवलेल्या गोष्टी तुम्हाला ऐकू येतात का, ते बघा. 'तिच्या वरच्या सुरांत कडा आहे' असं तो म्हणाला, तुम्ही परत ऐकलं आणि कडा सापडली, तर तुम्हाला ती आवडत असली तरी समीक्षक भरवशाचा. विशेषणं सगळी खोडून टाका आणि काय उरतं ते पाहा. तेजस्वी, काव्यात्म, अधिकारवाणीचा, हे खोडल्यावर कोरा कागद उरत असेल तर पुढं जा.

परीक्षणाची तारीख बघा. १९६०मध्ये लिहिणाऱ्यासमोर जुन्या वाद्यांवर वाजवणारा गार्डिनर नव्हता, करंट्झिस नव्हता; त्याचं 'सर्वोत्तम' हे तेवढ्याच ढिगातलं. तसंच परीक्षण मूळ एलपीचं आहे की नंतर सफाई करून काढलेल्या सीडीचं, तेही पाहा. संचालक फ्रिट्झ बुशनं इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नला १९३६मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण ७८च्या तबकड्यांवर निघालं, चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत. त्याची खरखर किती काढली आणि खरखरीबरोबर व्हायोलिनचा वरचा भाग किती गेला, हे प्रत्येक नव्या आवृत्तीत वेगळं असतं. संवादांना तिथं पियानो आहे, पियानोआधीच्या काळातलं हार्प्सिकॉर्ड नाही. यावर नाक मुरडणाऱ्यांनी मंडळी एकमेकांचं बोलणं कशी उचलतात ते ऐकावं. सरावलेली नाटक कंपनी आहे ती. बालगंधर्वांच्या तबकड्यांवरून त्यांच्या रात्रभराच्या नाटकाचा अंदाज बांधणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको.

हितसंबंधही बघावे लागतात, पण त्यानं भुलू नका. जुलिनीच्या ध्वनिमुद्रणाचा निर्माता वॉल्टर लेग, आणि त्यातली एल्विरा म्हणजे त्याची बायको एलिझाबेथ श्वार्त्सकोफ. १९५२मध्ये फुर्टवेंगलरनं केलेल्या वाग्नरच्या 'ट्रिस्टान' या ऑपेरात गायिका कर्स्टन फ्लागश्टाटला न लागणारे वरचे 'सी' सूर याच श्वार्त्सकोफनं गुपचूप गायले होते. स्टुडिओत हे चालतं. पण एल्विरा म्हणून ती मला कमालीची पटते, आणि नवऱ्यानं घेतली म्हणून ती वाईट ठरत नाही.

उलट बाजूला जॉयस हॅटोचं प्रकरण. ही इंग्लिश पियानिस्ट. म्हातारपणी, आजारी असताना, तिच्या नावावर शंभरावर सीडी निघाल्या आणि काही समीक्षकांनी डोक्यावर घेतल्या. २००७मध्ये कुणीतरी लिस्ट या संगीतकाराच्या रचनांची तिची सीडी संगणकात घातली, तर पडद्यावर लास्लो सिमोन या दुसऱ्याच पियानिस्टचं नाव उमटलं. ध्वनीच्या लहरी ताडून पाहिल्या, चोरी निघाली, पुढं तिच्या नवऱ्यानं कबूलही केलं. समीक्षकांचे कान खराब होते असं मी म्हणणार नाही. वाजवणं खरोखर चांगलंच होतं, दुसऱ्यांचं होतं इतकंच. बिघडली ती गोष्ट: आजारी बाईच्या जिद्दीची कहाणी आधी ऐकली आणि मग सीडी. म्हणून परीक्षणाचा पहिला परिच्छेद कलाकाराच्या संघर्षावर असेल तर तो वगळून दुसऱ्यापासून वाचा.

वहीत माझे चार रकाने आहेत: जागा, कोण, मला काय ऐकू आलं, समीक्षकाला काय ऐकू आलं. शेवटचा रकाना तिसरा भरल्याशिवाय भरायचा नाही. करंट्झिसच्या ध्वनिमुद्रणावर हा रकाना फार गमतीचा होतो. या माणसानं रशियातल्या पेर्म शहरात ऑपेरा एकदा ध्वनिमुद्रित केला, पसंत पडला नाही म्हणून टाकून दिला आणि २०१५मध्ये पुन्हा सगळा केला. कुणी त्याला वीज म्हणतं, कुणी नुसता दिखावा. नाचाची जागा लावा आणि स्वतः ठरवा.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं जुलिनी घ्यावा, सोबत क्रिप्स, आणि जुन्या वाद्यांचं कुठलंही एक, माझ्या मते याकोब्स. क्लेम्परर नंतर, जेव्हा संथपणाचा राग येणं थांबेल तेव्हा. फुर्टवेंगलरची साल्झबुर्गमधली प्रत्यक्ष प्रयोगाची ध्वनिमुद्रणं हेडफोनवर ऐकू नका, खोकले कानात शिरतात. खोलीत स्पीकरवर लावा आणि जरा लांब बसा.